ताम्हिणीच्या माश्या आणि पुण्याचं औषध

मुळशीला जाऊन आले म्हटलं की पुण्यातला माणूस तीन प्रश्न विचारतो. धबधबा पाहिला का, भजी कुठे खाल्ली, आणि येताना चांदणी चौकात किती वेळ अडकलात. मी तिकडे लोकांचं रक्त काढायला गेले होते असं सांगितल्यावर शेजारच्या वहिनींनी चहाचा कप अलगद खाली ठेवला आणि भाजीच्या भावावर बोलायला लागल्या. त्यानंतर दोघातिघांनी तेच केलं. तेव्हा म्हटलं, प्रत्येकाला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहूनच टाकावं.

मी एका संशोधन संस्थेत टेक्निशियन आहे, बावीस वर्षं झाली. आमच्याकडे शास्त्रज्ञ विचार करतात आणि उरलेलं सगळं मी करते. आमचे सर परदेशात शिकून आलेले. स्वभावाने वाईट नाहीत, फक्त एखादी गोष्ट साध्या वाक्यात सांगावी लागली की त्यांना पदवी परत केल्यासारखं वाटतं. त्यामुळे त्यांच्या संशोधनाचा विषय मीच सांगते, त्यांच्या माघारी.

मधमाशी चावली की तुम्ही-आम्ही आई गं म्हणतो, चुना लावतो आणि संध्याकाळपर्यंत विसरून जातो. काही माणसांचं तसं नसतं. त्यांच्या शरीराचा पहारेकरी नव्या सोसायटीतल्या वॉचमनसारखा असतो, चोराला सलाम ठोकतो आणि दूधवाल्याला बघून शिट्ट्या फुंकतो. एका माशीच्या कणभर विषाने या माणसांच्या अंगभर गांधी उठतात, घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो, आणि वेळेत इंजेक्शन मिळालं नाही तर माणूस जातो. उपाय एकच, वॉचमनला दूधवाल्याची ओळख करून द्यायची. परदेशात तेच विष अगदी थोडं थोडं करून काही वर्षं टोचतात आणि शरीराला सवय लावतात. पण ओळख करून देता देताच वॉचमन बिथरला तर पंचाईत. म्हणून सरांचं म्हणणं असं, की नुसतं विष टोचू नका. प्रथिनांचे पोकळ गोळे तयार करा, केसाच्या जाडीत हजारो मावतील एवढे बारीक, आणि त्या गोळ्यांच्या पाठीवर विषातल्या प्रथिनाचा निरुपद्रवी तुकडा चिकटवा. शरीराला तो तुकडा ओळखीचा होतो आणि आरडाओरडा थांबतो. हे उंदरांमध्ये जमलंही होतं. आमच्या संस्थेतले उंदीर आज मधमाशीला अजिबात घाबरत नाहीत. त्यांना कधी मधमाशी भेटणार नाही ही गोष्ट वेगळी.

आता पुढची पायरी म्हणजे ज्यांना आयुष्यभर माश्या चावल्या आणि तरी काही होत नाही, अशा माणसांचं रक्त हवं होतं. त्यांच्या रक्तात विषाला नेमकं कुठे धरायचं ते ठाऊक असलेले पहारेकरी असतात. असली माणसं कोथरूडात मिळत नाहीत. तिथे माणसं एकमेकांना चावतात, पण त्याचा सरांना उपयोग नव्हता. म्हणून दोन हजार आठच्या पावसाळ्यानंतर आम्ही ताम्हिणीकडे निघालो.

पहिला दिवस: पौडमार्गे वाडीवर

जीपमध्ये सर, मी, ड्रायव्हर बबन, रक्त फिरवून त्यातलं पाणी वेगळं करायचं एक यंत्र, बर्फाची पेटी, आणि त्या पेटीत आमच्या गोळ्यांची एक कुपी. कुपी न्यायचं काहीच कारण नव्हतं. पण लोकांना सायन्स दिसलं पाहिजे, असं सरांचं मत पडलं. केसापेक्षा हजारपट बारीक वस्तू दाखवायला नेणारा माणूस म्हणजे धन्यच, पण पगार त्यांच्या सहीने होतो.

पौडला स्टँडसमोर मिसळ खाल्ली. सरांनी बाटलीबंद पाणी मागवलं आणि त्याने आधी चमचा धुतला. मिसळ जिभेवर ठेवल्यावर मात्र ती सगळी बाटली त्यांनी पिऊन टाकली. हॉटेलवाल्याने आम्हाला दोनदा विचारलं की अजून रस्सा देऊ का. पुण्यात राहून माणसाला अशा प्रश्नाची सवय राहत नाही, मला वाटलं हा पैसे जास्त लावणार. त्याने लावले नाहीत. उलट बबनच्या ताटलीत न मागता मूठभर फरसाण टाकलं.

पुढचा रस्ता सुंदर आहे, हे सगळे सांगतात, म्हणून मी सांगत नाही. डोंगरउतारावर सोनकी पिवळीधमक फुलली होती आणि प्रत्येक चांगल्या उतारावर एक पाटी होती, तुमचं स्वप्नातलं दुसरं घर. पहिल्या घराचे हप्ते फेडताना कंबर मोडलेले आम्ही तिघं त्या पाट्या वाचत निघालो होतो. धरणाचं पाणी एका अंगाला लांबच लांब पसरलेलं. हे पाणी डोंगरापलीकडे उतरतं, त्याची वीज होते आणि ती मुंबईला जाते. ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या त्यांच्या वाड्यांवर विजेचे खांब आहेत. खांब चांगले आहेत. गुरं बांधायला बरे पडतात.

ताम्हिणीच्या अलीकडे एक वाडी आहे, तिथल्या शाळेत आमचा मुक्काम ठरला होता. शाळेचे गुरुजी पुढे येऊन उभे होते. तीन वर्षांपूर्वी आम्ही इथे अर्ध्या दिवसासाठी येऊन गेलो होतो, माश्या चावून कुणाला किती त्रास होतो याची नुसती चौकशी करायला, तेव्हापासून गुरुजींची ओळख. या खेपेला त्यांनी गावात आमचा निरोप दिला होता. इतका चांगला दिला होता की शाळेच्या पटांगणात चाळीसेक माणसं ओळीने उभी, आणि प्रत्येकाची डावी बाही दंडापर्यंत वर गुंडाळलेली.

मला कौतुक वाटलं. म्हटलं, काय समजूतदार गाव आहे, रक्त द्यायला सगळे तयार. मग माझी नजर फळ्यावर गेली. गुरुजींच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, पुण्याचे डॉक्टर येणार, मधमाशीचे इंजेक्शन मिळणार. ती माणसं घ्यायला आली होती आणि आम्हीही घ्यायलाच आलो होतो. द्यायला कुणीच नव्हतं.

सरांनी परिस्थिती हातात घेतली, म्हणजे भाषण केलं. बेसिकली म्हणून सुरू झाले आणि बेसिकलीवरच संपले. मधे त्यांनी बर्फातून कुपी काढून उंच धरली. ती हातोहात ओळीतून फिरली. एका म्हाताऱ्याने ती उन्हात धरून एक डोळा मिटून पाहिली आणि सांगितलं, "सायेब, ह्यात पानीच हाय." सरांनी त्याला फोटो दाखवला, यंत्रातून मोठा करून काढलेला, राखाडी रंगावर राखाडी ठिपके. म्हाताऱ्याने तो उलटा-सुलटा करून परत दिला आणि बाही खाली केली. मग गुरुजींनी आणि मी मिळून सांगितलं, आज कुणाला काही टोचायचं नाही, नुसतं रक्त घ्यायचं आहे. तेवीस माणसं हसत, शिव्या देत निघून गेली. सतरा मात्र थांबली. आलोच हाय तर घ्या रगात, असं त्यांचं म्हणणं. संमतीपत्र चार पानी होतं आणि मराठीत केलेलं होतं, तरी त्यातलं एकही वाक्य मराठी नव्हतं. त्या सतराजणांनी ते न वाचता सह्या-अंगठे दिले, हे संशोधनाला परवानगी देणाऱ्या आमच्या समितीला कळू नये म्हणून मी इथे लिहिते आहे, कारण समिती मराठी वाचत नाही.

सतरातला पहिला नंबर नामदेवरावांचा. पंचेचाळिशीचा, काटक, बोलणं मोजकं. घरामागे त्यांच्या सातेरी जातीच्या पाळीव मधमाश्यांच्या नऊ पेट्या होत्या. त्यांनी आम्हाला तिथे नेलं, एका पेटीचं झाकण काढलं आणि उघड्या हाताने पोळ्याची चौकट वर उचलून दाखवली. चार माश्या चावल्या. त्यांनी नखाने काटे खरवडून काढले आणि बोलणं पुढे चालू ठेवलं. सर हर्षाने वेडे व्हायचे बाकी होते, पण वीस हात लांब उभे राहून. नामदेवरावांचं रक्त काढताना मी विचारलं, दुखतंय का. ते म्हणाले, "घ्या वो. लागंल तेवडं घ्या. बायकूसाठीच हाय." मला वाटलं, बोलायची पद्धत असेल.

माझी राहायची सोय त्यांच्याच घरी होती, पुढची खोली ते पर्यटकांना देतात. सर शाळेत झोपणार होते, पण शाळेतलं मोरीविषयक वास्तव पाहून ते लवळ्याला कुणा प्राध्यापक मित्राकडे निघून गेले. दुसऱ्या दिवशी तिथे त्यांचं व्याख्यानही होतं म्हणे. जीप गेली, बबन गेला. मी, यंत्र आणि बर्फाची पेटी मागे राहिलो.

नामदेवरावांनी स्वतः भाकऱ्या थापल्या. नाचणीच्या, जाडजूड, कडेला थोड्या करपलेल्या. सोबत खेकड्याचा रस्सा, शेजारणीने दिलेला, त्याने डोळ्यांतून पाणी आलं आणि मी तरी दोनदा घेतला. आमच्याकडे नवरा चहा करायला उठला तर चार दिवस घरात त्याचं कौतुक चालतं. इथे हा माणूस चुलीपुढे बसून पीठ मळतोय आणि त्याबद्दल एक शब्द नाही. घरात बाईमाणूस होतं हे कळत होतं. देवळीत कुंकवाची डबी, दोरीवर एक लुगडं घडी करून ठेवलेलं. मी विचारलं, वहिनी कुठे? "भनीकडं हाय, पौडात. उद्या येतीया," एवढंच म्हणाले. पण चेहरा उजळला त्यांचा.

दुसरा दिवस: ढाब्यावर, मग घरी

सकाळी वीज गेली. म्हणजे आदल्या दिवशी गेलेली, ती आली नव्हती हे सकाळी माझ्या लक्षात आलं. सतराजणांचं रक्त यंत्रात फिरवायचं होतं आणि यंत्र विजेवर चालतं. गुरुजी म्हणाले, घाटाच्या रस्त्यावर एक ढाबा आहे, त्याच्याकडे जनरेटर आहे. मग काय, यंत्र डोक्यावर घेतलेली शेजारीण पुढे आणि बर्फाची पेटी घेतलेली मी मागे, अशी विज्ञानाची दिंडी निघाली.

ढाबेवाल्याने मिक्सरचा प्लग काढून आम्हाला जागा दिली. चटणी अर्धी वाटलेली तशीच राहिली. मी नळ्या लावल्या, यंत्र घुंईं करत सुरू झालं. पुण्याहून भजी खायला आलेलं एक कुटुंब बाजूला बसलं होतं, त्यातल्या गृहस्थांनी कौतुकाने विचारलं की हा कोकमचा ज्यूस का. मी खरं सांगितलं. त्यांनी बिल न मागताच गाडी काढली आणि ढाबेवाल्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी न खाल्लेल्या भज्यांचेही पैसे दिले. पण काम झालं. सतरा नळ्यांत वर पिवळं स्वच्छ पाणी, खाली लाल गोळा. मी ते पाणी छोट्या कुप्यांत भरून बर्फात ठेवलं, सरांच्या मिरवायच्या कुपीशेजारी.

दुपारी घरी परतले तर पौडची एसटी नुकतीच गेली होती आणि अंगणातून एक बाई झपझप चालत येत होती. ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं आणि तिने डोक्यापासून पायापर्यंत जाड चादर लपेटली होती, नुसते डोळे दिसत होते. मागे नामदेवराव, त्यांच्या खांद्यावर पत्र्याची ट्रंक. बाई सरळ आत शिरली, आतल्या खोलीत गेली, दार लावलं, फटीत फडकं कोंबलं, आणि मग चादर काढली. हीच हिराबाई, नामदेवरावांची बायको.

मी दारावर टकटक करून आत गेले. हिराबाई भिंतीला टेकून दम खात होती. गोरटेली, घामाने न्हालेली, आणि काय आनंदात होती. मला पाण्याचं विचारायच्या आधी तिने पोलक्याची बाही वर केली.

"कवा टोचताय?" तिने विचारलं.

मी गोंधळले. काय टोचायचं, असं काहीतरी मी बोलले असेन. मग तिने जे सांगितलं ते मी जोडून लिहिते. तीन वर्षांपूर्वी, आम्ही पहिल्यांदा यायच्या थोडंसं आधी, पेटीची चौकट काढताना तिला एक माशी चावली, मानेवर. चुलीवरचं दूध ऊतू जायच्या आत ती जमिनीवर. कुणाच्या तरी जीपमधून पौडला नेली, डॉक्टरने वाचवली आणि बजावलं की आणखी एक माशी पुरेल. नामदेवराव तेव्हा पेट्या काढून टाकायला निघाले होते. तेवढ्यात आमची पहिली फेरी झाली. सर बोलले, औषधाबद्दल. आणि या दोघांनी ठरवलं की औषध येईपर्यंत हिराबाईने पौडला बहिणीकडे राहावं. पेट्या दारात असताना इथे राहणं म्हणजे मरणच. मुसळधार पावसात माशी बाहेर पडत नाही, तेवढे चार आठवडे भाताच्या आवणीला ती घरी यायची आणि ऊन पडलं की परत जायची. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा तिचं न्हाणं-धुणं शेजारणीने केलं. आईने नातू पाहिला तो पौडच्या स्टँडवर, एसटी सुटायच्या आधी.

मी म्हटलं, पण औषध आलं असं तुम्हाला कुणी सांगितलं?

"तुमीच की," ती म्हणाली. "सायेब विंग्रजीत लई येळ बोललं. मंग तुमी आमाला म्हनालात, तीन वर्सांत औषध ईल. जाली की तीन वर्सं."

मला आठवेना. आणि मग सगळं आठवलं. सर खरंच दहा मिनिटं बोलले होते. अनुदान मिळालं तर, उंदरांवर जमलं तर, मग माकडांवर, मग परवानगी मिळाली तर, मग निरोगी माणसांवर, मग रुग्णांवर, तेही कुठे अडलं नाही तर. सरांच्या बोलण्यात सहा-सात जर-तर होते, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. ते सगळे मी गिळले. जीप चालू होती, बबन हॉर्न वाजवत होता, मला भूक लागली होती. आणि खरं सांगायचं तर मला त्या वाक्यात काही गैर वाटलंच नाही. आमच्या संस्थेतून जाणाऱ्या प्रत्येक अर्जाच्या शेवटी ते असतं, येत्या तीन ते पाच वर्षांत हे औषध रुग्णांपर्यंत पोहोचेल. दहा वर्षं मीच टाइप करते आहे. पत्राखाली लोभ असावा लिहितात तसं ते असतं. लिहिणाऱ्याला माहीत, वाचणाऱ्यालाही माहीत, त्यावर कुणी ट्रंक भरून एसटीत बसत नाही.

वाडीवर मात्र कुणी तीन वर्षं म्हणालं की ती मोजतात.

नामदेवराव दारात येऊन उभे होते. ते म्हणाले की शाळेत फिरवलेली कुपी बर्फाच्या पेटीत आहे, ती त्यांनी पाहिली आहे. "त्यातलंच द्या की हिला. उंदराला देताय, मंग मानसाला का न्हाई?" त्यांचा सूर भांडणाचा नव्हता, हिशेबाचा होता. हिराबाईने बाही आणखी वर केली. "व्हय बाई, टोचा. जे व्हईल ते माजं. म्या अंगठा देते."

अहो, मला सही-अंगठ्याचा इतका राग कधी आला नव्हता. मी त्या दोघांपुढे जमिनीवर बसले आणि एकही शब्द न गिळता सांगितलं. कुपीतलं पाणी औषध नाही, दाखवायचा नमुना आहे. आमच्याकडच्या उंदरांपलीकडे ते कुणाला दिलेलं नाही. तुम्हाला टोचलं तर काय होईल ते मला, सरांना, कुणालाच माहीत नाही, कदाचित माशी चावल्यावर होतं तेच होईल आणि मी इथे तुम्हाला मरताना बघत बसेन. नामदेवरावांचं रक्त नेतोय त्याचा उपयोग होईल, पण कधी ते सांगता येत नाही. तीन वर्षांत नाही. दहा वर्षांत येईल असंही मी म्हणणार नाही.

"मी तेव्हा चुकीचं बोलले," मी म्हटलं. "साहेबांनी तसं म्हटलं नव्हतं. ते माझं वाक्य होतं."

हिराबाईने बाही खाली केली, नीट, चुणी मोडून.

"उंदरं बरी जाली पर," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

"बरं जालं." त्यात टोमणा नव्हता. टोमणा मला कळतो, मी त्यावरच जगते. तो असता तर बरं झालं असतं.

मग ती उठून चहा करायला गेली, गुळाचा. तोंडावर पदर गुंडाळून, दार पटकन उघडून पटकन लावून. मी गुरुजींच्या घरी जाऊन सरांना फोन केला. व्याख्यान छान झालं होतं. मी सगळं सांगितल्यावर ते म्हणाले की इमोशनल होऊ नको, लोकांना होप देणं हाही आपल्या कामाचा भाग आहे. मी म्हटलं, सर, होप मी तीन वर्षांपूर्वीच दिली, आता दुसरं काही असेल तर सांगा. लाइन चांगली नव्हती, त्यामुळे त्यांना ते ऐकू गेलं नसावं. ऐकू गेलं असलं तरी हरकत नाही.

दुसरं काही होतं, आणि ते माझ्याच औषधांच्या डब्यात होतं. आमच्यापैकी कुणाला माशी चावून काही झालं तर असावं म्हणून दोन इंजेक्शनं आम्ही बरोबर घेतो. शंभर वर्षांपूर्वीचं औषध, कुठल्याही औषधाच्या दुकानात चहाभजीच्या किमतीत मिळतं, त्यावर कुणी व्याख्यान देत नाही. तेव्हा पौडच्या डॉक्टरने हिराबाईला त्यानेच वाचवलं होतं. मी ती दोन्ही त्यांना दिली. उद्या पौडला त्याच डॉक्टरकडे जाऊन नीट शिकून घ्या, असं सांगितलं, आणि तोवरसाठी मांडीत कुठे आणि कसं द्यायचं ते दोघांना करून दाखवलं. भिंतीवर चिकटवायला मोठ्या अक्षरात लिहूनही दिलं. चावल्या चावल्या द्यायचं, मग गाडी बघायची, आधी गाडी बघायची नाही. हिराबाईने तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. दिवेलागणीला नामदेवराव उठून बाहेर गेले, आणि मी दमलेली होते, जेवून झोपले.

तिसरा दिवस: परत

सकाळी जीप आली. सर ताजेतवाने होते, लवळ्याच्या कँटीनमधली इडली चांगली असते म्हणाले. मी सामान आणायला घरामागून गेले तर तिथल्या पेट्यांखालच्या लाकडी घडवंच्या मोकळ्या. नऊच्या नऊ. चुकल्यामाकल्या दहा-बारा माश्या त्या रिकाम्या जागेभोवती फिरत होत्या. माश्या अंधार पडला की पेटीत परततात, तेव्हाच पेटीचं तोंड बंद करता येतं. आदल्या संध्याकाळी नामदेवरावांनी एकेक पेटी डोक्यावरून टेकडीपलीकडे चुलतभावाच्या रानात नेली होती. नऊ खेपा. घराच्या भिंतीतली भोकंही त्यांनी चिखलाने लिंपली होती, हाताला तो चिखल अजून होता. रानातल्या माश्या रानात राहणारच, त्यांचं काही करता येत नाही. म्हणून इंजेक्शनचा कागद दाराच्या आत डकवलेला.

सरांना नऊ पेट्या गेल्याचं मनापासून वाईट वाटलं. पुढच्या वर्षी पुन्हा रक्त घ्यायचं तर या माणसाला माश्या चावत राहायला हव्यात, असं ते मला हळूच इंग्रजीत म्हणाले. या वाक्याचं मराठी मी केलं नाही.

नामदेवरावांनी माझी बर्फाची पेटी उचलून जीपमध्ये ठेवली आणि दोरीने बांधायला लागले. मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "नामदेवराव, इतक्या वर्षांच्या पेट्या. एकाच संध्याकाळी हलवल्यात?"

त्यांनी गाठ आवळली, ओढून पाहिली.

"यका सांजचंच काम हुतं, बाई. तीन वर्साची बात हाय म्हनून म्या पेट्या ठिवल्या आन बायकू हलवली. औषध न्हाई म्हनून तवाच सांगितलं असतं, तर तवाच पेट्या हलवल्या असत्या."

त्यांनी जीपच्या पत्र्यावर थाप मारली, बबनने गाडी सुरू केली. वळणावरून मागे पाहिलं तर हिराबाई अंगण झाडत होती, डोक्यावर पदर नव्हता.